अत्तांचा दमा आणि निगेटिव्ह आयनचं मशिन

पत्र :

"डॉक्टर, नमस्कार. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. खाली टॉवेलचे चार माग आणि वर घर. सासूबाईंना (आमच्यात अत्ता म्हणतात) सहा वर्षांपासून दमा आहे. वय ६४. लहानपणापासून विड्या वळल्या, आता ते काम सोडलंय, पण धाप काही सोडत नाही. मिस्टरांच्या ओळखीचे एक जण एक मशिन घेऊन आले. ते हवेत निगेटिव्ह आयन सोडतं, धबधब्याजवळ असते तशी हवा घरात होते, दमा, डोकेदुखी, झोप, बीपी सगळ्याला फरक पडतो, असं ते सांगतात. किंमत १४,५०० रुपये. गळ्यात घालायचं पेंडंट वेगळं, ३,००० रुपयांचं. मिस्टरांनी २,००० रुपये आगाऊ दिलेत. चार दिवस वापरून बघा म्हणून मशिन आणि पेंडंट आमच्याकडेच ठेवलंय. मशिन लावलं तर पाऊस पडून गेल्यासारखा वास येतो, अत्तांनाही बरं वाटतं म्हणे. रात्री खोकला मात्र जरा वाढलाय. पंपाची सवय लागेल म्हणून त्या पंप घ्यायला टाळतात. हे मशिन घ्यावं का?"

ताई,

घेऊ नका. घरात ठेवलेलं मशिनही आज रात्रीपासून बंद करा. तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलंय की रात्रीचा खोकला वाढलाय. माझ्या दृष्टीने तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच आहे. तिचा आणि त्या "पावसाच्या वासाचा" संबंध असू शकतो. तो कसा, ते सांगते.

आधी आयन म्हणजे काय ते बघू, कारण विकणाऱ्याने सांगितलेलं सगळंच खोटं नाही. हवेतल्या एखाद्या रेणूला एक जादा इलेक्ट्रॉन चिकटला की तो ऋणभारित होतो, म्हणजेच निगेटिव्ह आयन. जमिनीतून निघणारा रेडॉन वायू, अवकाशातून येणारे किरण, विजा आणि फुटणारं पाणी यांमुळे असे आयन निसर्गात सतत तयार होत असतात. पाण्याचे थेंब आपटून फुटतात तेव्हा आसपासच्या हवेत विद्युतभार येतो, हे जर्मन शास्त्रज्ञ फिलिप लेनार्ड यांनी १८९२ साली दाखवलं. धबधब्याजवळ एका घन सेंटिमीटर हवेत असे हजारो आयन सापडतात, मोकळ्या माळावर काहीशे आणि बंद खोलीत त्याहून कमी. इथपर्यंत तो माणूस बरोबर आहे.

पण हे आकडे कशाच्या तुलनेत आहेत तेही बघा. एका घन सेंटिमीटर हवेत रेणू असतात सुमारे अडीच लाख कोटी कोटी. त्यात हजार-दोन हजार आयन म्हणजे किती, हे तुमच्या लक्षात येईल. शिवाय ते फार टिकत नाहीत. स्वच्छ हवेतही एखादा-दोन मिनिटंच, आणि धुळीच्या हवेत त्याहूनही कमी, कारण दिसेल त्या धूलिकणाला ते जाऊन चिकटतात. तुमच्या घरात खालून सुताचं तूस वर येत असणार. म्हणजे मशिनमधून निघालेले आयन अत्तांच्या नाकापर्यंत पोचायच्या आधीच तुसावर खर्च होणार.

धबधब्याजवळ बरं वाटतं ते खरंच आहे. तिथे धूळ नसते, गारवा असतो, मोकळा श्वास घेता येतो आणि माणूस घरच्या कटकटीतून चार तास बाहेर पडलेला असतो. यातली एकही गोष्ट भिंतीवरच्या डबीतून येत नाही.

आता दम्याविषयी. हे आयन दम्यावर चालतात का, याच्या रीतसर चाचण्या झालेल्या आहेत. ब्रिटनमध्ये १९९३ साली दमा असलेल्या मुलांच्या झोपायच्या खोल्यांत आयनायझर लावले होते. काही आठवडे खरं मशिन आणि काही आठवडे नुसतंच दिसायला तसं, म्हणजे मनाचा खेळ वेगळा काढता यावा. खोलीच्या हवेतली धुळीतल्या किड्यांची ॲलर्जी आणणारी द्रव्यं खरोखर कमी झाली. मुलांच्या दम्यात मात्र फरक पडला नाही. रात्रीचा खोकला तर कमी व्हायच्या ऐवजी वाढण्याकडेच झुकला. तुमची ती ओळ वाचली तेव्हा मला हीच चाचणी आठवली. जगभरच्या चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेनेही दम्याच्या रुग्णांना आयनायझरचा उपयोग होत असल्याचा पुरावा नाही, असाच निष्कर्ष काढला आहे.

उलट बाजूही सांगायला हवी. बीजिंगमधल्या शाळकरी मुलांवरचा एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात आयन सोडणाऱ्या शुद्धीकरण यंत्रामुळे वर्गातली धूळ कमी झाली आणि मुलांच्या फुप्फुसाची मोजमापंही सुधारली. पण त्याच मुलांच्या हृदयाच्या ठोक्यांच्या लयीत नको तो बदलही दिसला. तेव्हा "आयन म्हणजे निव्वळ फायदा, अपाय काहीच नाही" हे म्हणणं टिकत नाही. मन प्रसन्न होतं, झोप लागते, या दाव्यांचंही तसंच. अशा सगळ्या अभ्यासांचा २०१३ साली एकत्र आढावा घेतला गेला. चिंता, झोप, मनाचा निवांतपणा यांवर ठाम परिणाम सापडला नाही. एका प्रकारच्या नैराश्यात मात्र खूप जास्त प्रमाणातल्या आयनांचा थोडा उपयोग दिसला. ते नैराश्य थंड देशांत, हिवाळ्यात आठवडेच्या आठवडे ऊन कमी मिळाल्यामुळे येतं. सोलापूरकरांना तो प्रश्न नाही.

आता तो वास. ही मशिनं टोकदार सुयांवर हजारो व्होल्टचा दाब देऊन आयन तयार करतात. त्या क्रियेत हवेतल्या ऑक्सिजनपासून ओझोनही तयार होऊ शकतो. विजा कडाडल्यावर येणारा, झेरॉक्सच्या जुन्या मशिनजवळ जाणवणारा उग्र वास तो हाच. अगदी थोडा असला तरी नाकाला कळतो, आणि पावसाशी त्याची ओळख असल्यामुळे माणसाला ताजं वाटतं. अत्तांना बरं वाटलं ते खोटं नाही. पण ओझोन श्वासनलिकेच्या आतल्या अस्तराला चुरचुरवतो, ते सुजवतो, आणि दमेकऱ्याची नलिका तर आधीच सुजलेली असते. आकाशात उंचावर ओझोन आपलं रक्षण करतो, ते खरं. झोपायच्या खोलीत तो नको. भारताच्या हवेच्या मानकांत आठ तासांच्या सरासरीने ओझोनची मर्यादा घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅम आहे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने तर घरगुती हवाशुद्धी यंत्रांनाच साधारण तेवढीच मर्यादा घातली आहे आणि त्यापेक्षा जास्त ओझोन सोडणारं यंत्र तिथे विकता येत नाही. तुमच्या मशिनच्या खोक्यावर ओझोनचा आकडा छापलाय का, बघा. नसेल तर तेवढ्या कारणानेही ते परत गेलं पाहिजे.

आणखी एक. मशिन लावलंय तिथली भिंत निरखून बघा. चारच दिवस झालेत, कदाचित अजून दिसणार नाही, पण महिनाभर चालवलं तर मशिनच्या आजूबाजूला चुन्यावर काळपट वर्तुळ उठतं. आयन चिकटलेली धूळ भारित होते आणि जवळ जे असेल त्याला बिलगते : भिंत, पडदा, उशी, अंगावरची साडी. विकणारे लोक तो डाग दाखवून म्हणतात, बघा किती घाण खेचली! पण ती धूळ घराबाहेर गेलेली नाही. हवेतून भिंतीवर बसली एवढंच. सकाळी तुम्ही झाडू माराल, पडदा झटकाल, की पुन्हा हवेत. भारित कण फुप्फुसात जास्त चिकटतात, असंही प्रयोगांत दिसलं आहे.

मला खरं बोलायचंय ते तुमच्या घरातल्या तुसाविषयी. अत्तांच्या धापेचं कारण आयनांची कमतरता नाही. त्यांनी आयुष्यभर जे श्वासातून आत घेतलं ते कारण असू शकतं, आणि आजही घेत आहेत ते तर नक्कीच भर घालतंय. विडी वळणाऱ्या बायांचं सूप मांडीवर असतं आणि तोंड त्याच्यावर वाकलेलं. तंबाखूची भुकटी दिवसभर नाकातोंडात जाते. त्यात चुलीचा धूर, आणि आता मागांचं तूस. टॉवेलच्या मागावर ते जास्तच उडतं, आणि ताण्याला लावलेली खळ वाळून झडते ती वेगळी. तुमच्या खालच्या पंख्याच्या पात्यांकडे बघा. कडेला करडी लव धरलेली असेल, बोट लावलं तर पापुद्रा निघेल. त्यातलं जे जाड आहे ते पात्यावर बसतं. जे डोळ्याला दिसत नाही ते छातीत उतरतं.

म्हणून पहिला प्रश्न : अत्तांची स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत जोरात फुंकायची तपासणी, कधी झाली आहे का? सहा वर्षं "दमा" म्हणून औषधं चाललीत, पण धुळीत आणि धुरात आयुष्य गेलेल्या ६४ वर्षांच्या बाईला सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार असू शकतो, किंवा दोन्ही एकत्र. उपचार थोडे वेगळे पडतात. सिव्हिलमध्ये किंवा छातीच्या डॉक्टरांकडे ही तपासणी करून घ्या.

तुमच्या मिस्टरांना आणि मागावरच्या कामगारांनाही एक विचारा. सुटीनंतर कामावर आल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते का, आणि पुढच्या दिवसांत ते कमी होतं का? कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिस या आजाराची ती जुनी खूण आहे. तो सूतगिरणीत जास्त आढळतो, पण मागावर होतच नाही असं नाही. कर्मचारी भरपाईच्या कायद्यात हा व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेला आहे. सोलापुरी चादरीला आणि टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन मिळालं, आपल्याला त्याचा अभिमान आहेच. ते विणणाऱ्यांच्या छातीची तपासणी मात्र आजही ज्याची त्याने करायची गोष्ट राहिली आहे, याचं मला वाईट वाटतं.

आता घरात काय करायचं ते. सगळं एका दिवसात होणार नाही, पण पहिलं काम जिन्याचं. खाली माग, वर घर असलं की जिना म्हणजे तुसाचा धुरांडा. खालची गरम हवा वर चढते आणि येताना तूस घेऊन येते. जिन्याच्या तोंडाला आपोआप लागणारं दार बसवा, खालच्या फटीला रबराची पट्टी लावा. सुताराला आणि सामानाला जे पैसे लागतील ते या मशिनपेक्षा कमीच लागतील. मिस्टर वर जेवायला येतात तेव्हा कारखान्यातला शर्ट खालीच खुंटीला राहू दे.

खाली एक्झॉस्ट फॅन लावा, पण अत्तांच्या खिडकीच्या खाली नको. त्याच्या समोरच्या बाजूने हवा आत यायला जागा ठेवा, नाहीतर पंखा नुसताच गरगरतो. मागाची सफाई कॉम्प्रेसरने हवा मारून होत असेल, तर त्या वेळी सगळ्यात जास्त तूस उडतं. ते व्हॅक्युमने ओढून घेतलेलं सगळ्यात उत्तम. जमत नसेल तर निदान जिन्याचं दार बंद, फॅन चालू, आणि हवा मारणाऱ्याच्या तोंडाला एन-९५ मास्क. नुसता रुमाल बांधून बारीक धूळ थांबत नाही. वर घरात कोरडा झाडू बंद करून ओल्या फडक्याने पुसा.

कूलरची जागाही तपासा. आपल्याकडे मार्च ते जून कूलरशिवाय झोप नाही. कूलर बाहेरची हवा ओढून आत फेकतो. तो बोळाकडे किंवा एक्झॉस्टच्या बाजूला बसवलेला असेल, तर तुम्ही पंख्याने बाहेर काढलेलं तूस कूलर पुन्हा अत्तांच्या अंथरुणावर आणून टाकतो. बाजू बदला, टाकी दर आठवड्याला रिकामी करून घासा, गवताच्या जाळ्या दर हंगामात नव्या घाला, कारण कुजक्या जाळीतल्या बुरशीनेही दमा उसळतो. आणि कूलर चालू असताना समोरची एक खिडकी उघडी हवीच.

मच्छर कॉइल, अगरबत्ती, धूप अत्तांच्या खोलीत नकोत. डासांसाठी मच्छरदाणी लावा. गाद्या-उशा उन्हात टाका. आपल्याकडचं कडक ऊन यासाठी फुकट मिळतं. चादरी, अभ्रे आठवड्याला गरम पाण्यात धुवा. मिरचीची फोडणी, शेंगाचटणीचं भाजणं-कुटणं चालू असताना अत्तांना दुसऱ्या खोलीत बसवा.

एवढं करूनही हवा स्वच्छ करायचं यंत्र घ्यायचंच असेल तर हेपा फिल्टरचं घ्या. हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो, आणि अडवलेली धूळ फिल्टर बदलताना खरोखर घराबाहेर जाते. ते फक्त अत्तांच्या झोपायच्या खोलीसाठी घ्या. दुकानात सीएडीआर विचारा, म्हणजे यंत्र तासाला किती स्वच्छ हवा देतं तो आकडा. १० बाय १२ ची, १० फूट उंचीची खोली साधारण ३४ घनमीटर भरते. तासाला पाच वेळा हवा गाळली जावी असं धरलं तर सीएडीआर किमान १७० घनमीटर हवा. कमी आकड्याचं स्वस्त यंत्र नुसता आवाज करतं. बऱ्याच यंत्रांवर "आयन" नावाचं वेगळं बटण असतं, ते बंद ठेवा. पुढची जाळी तुमच्याकडे दर आठवड्याला साफ करावी लागेल. पण जिन्याचं दार बसवल्याशिवाय यंत्रावर पैसा घालू नका.

पंपाबद्दल अत्तांशी तुम्हीच बोला, तुमचं त्या ऐकतील असं पत्रावरून वाटतं. पंपाची सवय लागत नाही. गोळीतलं औषध मिलिग्रॅममध्ये असतं आणि सगळ्या अंगभर फिरतं. पंपातलं मायक्रोग्रॅममध्ये असतं आणि बरंचसं छातीतच काम करतं. पंप दोन कामांचे असतात. एक सूज कमी करणारा, तो बरं वाटत असलं तरी रोज घ्यायचा. दुसरा धाप लागल्यावर तात्पुरती नळी मोकळी करणारा. सोलापुरात मी बघते त्या बहुतेक घरांत फक्त दुसराच वापरात असतो, आणि दमा हटत नाही म्हणून मग अशी मशिनं घरात येतात. पंप स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावूनच घ्यायचा, सूज कमी करणाऱ्या पंपानंतर चूळ भरायची.

एक पीक फ्लो मीटर, म्हणजे फुंकरीचा जोर मोजायची नळी, घ्या. काहीशे रुपयांत औषधाच्या दुकानात मिळतो. सकाळ-संध्याकाळ अत्तांना तीनदा फुंकायला लावा आणि सगळ्यात मोठा आकडा वहीत लिहा. शेजारी लिहा : माग चालू की बंद, कूलर चालू की बंद, घरात कोणाकडून धूर झाला का. दोन आठवड्यांची वही भरली की त्यांना काय सोसत नाही ते तुम्हाला स्वतःलाच दिसेल. माग बंद असलेल्या दिवशी आकडा वर जात असेल तर मिस्टरांना जिन्याच्या दारासाठी वेगळं पटवावं लागणार नाही.

एक वाक्य पुरं बोलता येत नाही इतकी धाप लागली, ओठ निळसर दिसले, किंवा पंप घेऊनही आराम पडला नाही, तर वही बाजूला ठेवा आणि थेट दवाखाना गाठा, रात्र असली तरी.

पेंडंट अत्तांच्या गळ्यातून आजच काढा. वीज नाही, पाणी नाही, तरी चोवीस तास आयन सोडतं असा दावा असेल, तर दोनच शक्यता उरतात. एक तर ते काहीच सोडत नाही, किंवा त्यात किरणोत्सारी खनिज आहे. नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा यंत्रणेने डिसेंबर २०२१ मध्ये अशा दहा वस्तूंविरुद्ध जाहीर इशारा दिला होता. त्यात पेंडंट होती, ब्रेसलेट होतं आणि झोपताना डोळ्यांवर बांधायची पट्टीही होती. तुमचं पेंडंट त्यातलंच असेल असं मी म्हणत नाही, पण कुठलीही शक्यता धरली तरी ते अंगावर बाळगायचं कारण नाही. लहान मुलांच्या हाती देऊ नका. मिठाच्या दिव्यांबद्दलही लोक विचारतात. उजेड आवडत असेल तर लावा, आयनांसाठी नको.

आगाऊ दिलेले २,००० रुपये परत मागा. ओळखीचा माणूस आहे म्हणून मिस्टरांना अवघड वाटेल, पण "डॉक्टरांनी बंद करायला सांगितलंय" हे कारण पुढे करायला काहीच हरकत नाही. पावती आणि मशिनबरोबर दिलेलं माहितीपत्रक जपून ठेवा. त्यावर दमा बरा होतो असं छापलं असेल तर फोटो काढून घ्या. पैसे द्यायला टाळाटाळ झाली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा, तिथे मराठीतही तक्रार नोंदवता येते.

अत्तांना तपासणीला नेताना वहीबरोबर त्यांचे सगळे पंप आणि स्पेसर घेऊन जा, आणि डॉक्टरांसमोर त्यांना एकदा पंप घेऊन दाखवायला सांगा. औषध बरोबर असूनही ते घशातच अडकतंय का, हे त्या एका मिनिटात कळतं.